देवराई कोणत्या विषयात मोडते?

बारावीच्या जीवशास्त्रात जैवविविधतेचे प्रकरण शिकवताना देवरायांचा उल्लेख येतो. देवाच्या नावाने राखलेले रान, तेथील कुऱ्हाडबंदी, दुर्मीळ वनस्पतींना मिळालेला आसरा एवढे सांगितले की चार-पाच वाक्यांत विषय आटोपतो. पुण्यात हे चालून जाते. भोर किंवा वेल्हे तालुक्यातील वर्गात मात्र शिक्षकाची पंचाईत होऊ शकते. समोर बसलेल्या मुलांपैकी काहींच्या गावाला देवराई असते. त्यांतल्या एखाद्याने विचारले, “सर, आमच्या राईतली चार झाडं देवळाच्या मंडपासाठी तोडली. देवाला कौल लावूनच तोडली. मग ती राई राखलेली म्हणायची की तोडलेली?” तर काय उत्तर द्यायचे?

या प्रश्नाचे उत्तर जीवशास्त्राच्या पुस्तकात नाही. कौल म्हणजे काय हे समाजशास्त्राच्या वाट्याला जाते, आणि समाजशास्त्र दुसऱ्या शाखेत शिकवतात. जमीन कोणाच्या नावावर आहे हे महसूल खाते जाणे. चार झाडे गेल्याने राईचे नेमके किती नुकसान झाले हे काढायला थोडे गणित लागते. मुलाचा प्रश्न एकच असतो; शाखा, विभाग आणि तासिका आपण पाडलेल्या असतात. ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ हा जडजंबाळ शब्द आता विद्यापीठांच्या प्रत्येक परिपत्रकात भेटतो. त्याचा खरा अर्थ समजून घ्यायचा तर परिपत्रक बाजूला ठेवून याच डोंगराळ मुलखाशी संबंध असलेले काही जुने निबंध पुन्हा वाचावेत असे मला वाटते. वाचताना त्यांच्या थोरवीबरोबर त्यांच्या उणिवाही पाहाव्यात.

देवरायांचे उल्लेख एकोणिसाव्या शतकात ब्रँडिस यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यांनीही केले होते. पण आपल्याकडे देवराई हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाला तो मुख्यतः माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांच्यामुळे. १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला, १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’मध्ये दुसरा, आणि १९८१ साली महाराष्ट्रातील देवरायांची यादी प्रसिद्ध झाली. दोघांचेही घर पुण्यातल्या ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत. १९४६ साली स्थापन झालेली ही संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. ज्या शं. पु. आघारकरांचे नाव तिला मिळाले ते वनस्पतिशास्त्रज्ञ. पण गोड्या पाण्यातला जेलीफिश हा प्राणी कृष्णेच्या खोऱ्यात आढळतो हे १९११ च्या सुमारास दाखवून दिले ते त्यांनीच. म्हणजे विषयाचे कुंपण ओलांडण्याची सवय त्या घरात मुळापासूनच होती असे गमतीने म्हणता येईल.

दोघा लेखकांची तयारी मात्र अगदी वेगवेगळी. वर्तक हे मुरलेले क्षेत्रीय वनस्पतिशास्त्रज्ञ. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील खाण्याजोग्या रानवनस्पतींवर त्यांनी १९५९ सालीच लिहिले होते, आणि गोमंतकातील वनस्पतींची गणनाही त्यांनी केली होती. पान पाहून झाड सांगणारा आणि झाड पाहून गाव सांगणारा माणूस. गाडगीळ फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राणिशास्त्राचे पदवीधर, मुंबईहून एम.एस्सी. करून ते हार्वर्डला गेले आणि १९६९ साली गणिती परिसरशास्त्रात पीएच.डी. झाले. समीकरणे आणि संगणक हे त्यांचे हत्यार. १९७१ ते १९७३ या काळात ते पुण्याच्या या संस्थेत होते आणि त्यानंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. एकाकडे नावे आणि दुसऱ्याकडे प्रश्न, असे हे जुळून आले.

निबंधांचे म्हणणे थोडक्यात असे. देवराईत केवळ मोठे वृक्षच नव्हे, तर झुडपे, वेली, पडलेले लाकूडसुद्धा देवाच्या मालकीचे मानले जाते. आजूबाजूचे रान राबासाठी, कोळशासाठी, सरकारी लाकूडतोडीसाठी गेले तरी या तुकड्यांत मूळच्या अरण्याचा नमुना शिल्लक राहतो. गारंबीसारखे महावेल तेथेच सापडतात. ही चाल शेतीपूर्वीच्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजापासून चालत आली असावी. आणि आता श्रद्धा ओसरत चालली असल्याने या राया राखण्यासाठी जाणीवपूर्वक काही केले पाहिजे.

शेतीपूर्व काळाचा हा धागा त्यांना मिळाला तो दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याकडून. येथे थोडे थांबायला हवे, कारण कोसंबी हे या साऱ्या प्रकरणातले सर्वांत नवलाचे पात्र आहे. पेशाने ते गणिती. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असतानाच, १९४४ साली त्यांचा एक लहानसा निबंध आला. बारावीला आपण जनुकांची सहलग्नता शिकवतो, पुनःसंयोगाच्या टक्केवारीवरून गुणसूत्रावरील अंतर काढायला सांगतो. जवळजवळच्या जनुकांसाठी टक्केवारी म्हणजेच अंतर असे धरले तरी चालते. पण जनुके दूर असली की दोनदा अदलाबदल होऊन ती पुन्हा मूळ जागी आल्यासारखी दिसतात, आणि अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. या दोन्हींचा हिशेब धरणारे सूत्र कोसंबींनी दिले. आज गहू-भातापासून उंदरापर्यंत जनुकीय नकाशे काढताना ‘कोसंबी सूत्र’ वापरतात. ते वापरणाऱ्या कित्येकांना हे कोसंबी पुण्याचे हे ठाऊक नसते.

हाच माणूस पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि जुन्या वाटा पायी हिंडला. वाटांच्या फाट्यांवर, गावाबाहेर बसलेल्या शेंदूरलावल्या देवींची ठाणी त्याने पाहिली. आणि ही ठाणी आजच्या गावांपेक्षा जुनी, भटक्या जीवनाशी जोडलेली असावीत, असे १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात मांडले. गाडगीळ-वर्तकांनी ही मांडणी उचलली आणि तिला झाडांची जोड दिली. गणित्याने इतिहास लिहिला, तो परिसरशास्त्रज्ञाने वाचला आणि वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला रानातला पुरावा शोधून दिला. यासाठी कुठले संयुक्त केंद्र स्थापन झाले नव्हते, की कुठली योजना मंजूर झाली नव्हती. देवीचे ठाणे आणि त्याभोवतालची झाडे एकाच जागी होती, आणि तेथपर्यंत तिघेही चालत गेले होते, एवढेच.

आता उणिवांकडे वळू. मूळ मांडणीतील दोन गृहीतके पुढच्या अभ्यासकांना तितकीशी पटलेली नाहीत. पहिले, देवराई म्हणजे हात न लागलेले आदिम अरण्य. दुसरे, तिची चाल अतिप्राचीन आणि अखंड. केरळातील कावांवर लिहिताना फ्रीमन या मानवशास्त्रज्ञाने १९९९ साली दाखवले की देवाच्या रानाचा अर्थ स्थानिक लोकांच्या लेखी ‘निसर्गसंरक्षण’ असा कधीच नव्हता. ते देवाचे उत्पन्न होते, त्याची मालमत्ता होती, आणि तिचा उपभोग नियमाने घेतला जाई. महाराष्ट्रातील महादेव कोळी आणि कुणबी समाजांच्या देवरायांवर रॉय बर्मन यांचे पुस्तक २००३ साली आले. त्यातही राई ही गावाच्या मानपानाशी, उत्सवाशी, हक्कांशी गुंतलेली दिसते. भोर-वेल्ह्याच्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. देवळाच्या वाशासाठी, होळीसाठी, गावकीच्या कामासाठी कौल लावून झाड घेणे ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणजे आपल्या त्या मुलाचा प्रश्न, राखलेली की तोडलेली, हा चाळीसएक वर्षे संशोधकांच्याही वादाचा प्रश्न आहे. त्याला ते कोणी सांगितलेले नसते इतकेच.

माझ्या मते यात मूळ निबंधांचे मोल कमी होत नाही. एका विषयाच्या चौकटीतून केलेले विधान दुसऱ्या विषयाच्या पुराव्याने दुरुस्त व्हावे, हेच तर अपेक्षित आहे. तक्रार आहे ती वेगळी. १९७५ ची मांडणी पाठ्यपुस्तकांत शिरली. पुढची दुरुस्ती शिरली नाही. त्यामुळे आपण मुलांना अजूनही ‘आदिमानवाने राखलेले अस्पर्श वन’ शिकवतो, आणि समोरचे खरेखुरे, खाल्लेले, तोडलेले, वाढवलेले, भांडलेले रान त्या व्याख्येत बसत नाही म्हणून गप्प राहतो.

दुसरी एक उणीव त्या काळच्या साऱ्याच क्षेत्रीय पाहणीची आहे. गावकरी येतो तो ‘माहिती देणारा’ म्हणून. गुरव सांगतो, वयस्क मंडळी सांगतात, संशोधक लिहून घेतो. पण गावकऱ्याचे विधान कधीकधी साधी माहिती नसून पुरते अनुमान असते. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावाची देवराई वनखात्याच्या तोडीत जाणार होती. ती वाचवण्यासाठी गावकरीच या संशोधकांकडे आले. राई गेली तर गावचा ओढा आटेल हे त्यांचे म्हणणे होते. राई वाचली. पण ‘राई गेली तर ओढा आटेल’ हे विधान तपासता येण्याजोगे आहे. राई असलेला ओढा आणि नसलेला ओढा निवडायचा, दर पंधरवड्याला दहा मीटर अंतरात तरंगते पान किती सेकंदांत जाते ते घड्याळावर पाहायचे, पात्राची रुंदी-खोली मोजायची. वेल्ह्यातल्या कोणत्याही शाळेला हे जमेल. त्यात वनस्पतिशास्त्र आहे की भूगोल की भौतिकशास्त्र, हे ठरवण्याची घाई करू नये.

तिसरा निबंध मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो थेट या मुलखाविषयी बोलतो. १९७९ साली गाडगीळांनी भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात डोंगर, धरणे आणि जंगले यांच्या संबंधावर पश्चिम घाटातील निरीक्षणे लिहिली. पानशेतच्या पाणलोटाची कहाणी त्यात येते. अंबी नदीवरचे हे धरण बांधकाम चालू असतानाच १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे बुडाले, हे सर्वांना माहीत असते. पुण्याच्या आठवणीत पानशेत म्हणजे तो पूर. धरण पुन्हा बांधले गेल्यावर वरच्या खोऱ्यात काय झाले याची आठवण कोणी काढत नाही. खाचरे पाण्याखाली गेली, माणसे वर उतारावर सरकली. तेथे पूर्वी राब भाजून नाचणी-वरई घेत. पण आंबा, हिरडा यांसारखी उपयोगाची झाडे राखून. धरणासाठी रस्ते आले, रस्त्यांवरून कोळशाचे ठेकेदार आले, आणि अडलेल्या माणसाने झाडे मिळेल त्या भावाने विकली. उतार उघडे पडले, आणि त्यांची माती धरणात येऊ लागली. देवरायांचे तुकडे तेवढे हिरवे राहिले.

या कहाणीत परिसरशास्त्र, शेती, अर्थशास्त्र आणि स्थापत्य यांची गाठ अशी बसली आहे की एक धागा काढला तर काहीच कळत नाही. कोळशाचा भाव माहीत नसेल तर हिरडा का गेला ते कळणार नाही. हिरडा गेल्याचे माहीत नसेल तर धरणात गाळ का वाढला हे अभियंत्याला कळणार नाही.

पण टीकाच करायची तर असे विचारता येईल: एका खोऱ्यात घडले ते शेजारच्या खोऱ्यातही तसेच घडले का? आणि येथे भोर-वेल्ह्याचे भाग्य म्हणा, दुर्भाग्य म्हणा, आड येते. या दोन तालुक्यांत वेगवेगळ्या पिढ्यांतली धरणे आहेत. भोरजवळचे भाटघर १९२८ चे, संस्थानी आणि इंग्रजी काळातले. पानशेत स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांतले. नीरेवरचे नीरा-देवघर आणि कानंदीवरचे गुंजवणी ही अलीकडच्या काळातली. पाऊस तोच, खडक तोच, पिके जवळपास तीच. फरक आहे तो काळाचा, बाजाराचा आणि पुनर्वसनाच्या कायद्यांचा. भाटघरच्या वेळी डोंगरात ट्रक येत नव्हते. गुंजवणीच्या वेळी कोळशाऐवजी बंगल्यांच्या भूखंडांना गिऱ्हाईक होते. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवतो. येथे इतिहासाने तसा प्रयोग जवळजवळ मांडून ठेवला आहे. धरणग्रस्त कुटुंबांतील आजी-आजोबांच्या आठवणी, जुने गावनकाशे आणि उतारांवरची आजची झाडे ही तिन्ही साधने या तालुक्यांतल्या विद्यार्थ्याच्या हाताशी आहेत. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याला ती मिळवायला वर्ष जाईल, आणि आजी त्याच्याशी बोलेलच असे नाही.

मग हा विद्यार्थी करतो काय? भोर-वेल्ह्याची शास्त्र शाखेकडे वळणारी मुले बहुधा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला जातात. गुण थोडे कमी पडले की बी.एस्सी. ‘संशोधन’ ही गोष्ट पांढऱ्या कोटात, काचेच्या दाराआड होते अशी त्यांची समजूत असते, आणि ती आपण शिक्षकांनीच करून दिलेली असते. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, मानवशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र असे वेगवेगळे विभाग आहेत. देवराई घेऊन गेलेल्या मुलाला पहिला प्रश्न येतो, “यातला तुझा विषय कोणता?” संशोधनस्पर्धांतही तेच. २००६ साली राज्यपातळीवर सुरू झालेल्या ‘आविष्कार’ स्पर्धेने ग्रामीण महाविद्यालयांतल्या पुष्कळ मुलांना प्रथमच प्रकल्प करायला लावले, हे तिचे मोठेच श्रेय. पण तेथेही प्रकल्प विषयगटांत टाकावा लागतो. देवळाची गोष्ट शुद्ध विज्ञानाच्या गटात मांडली की परीक्षक भुवई उंचावतात, आणि झाडांच्या घेरांचे तक्ते मानव्यविद्येच्या गटात घेऊन गेले की तेथेही.

नव्या शैक्षणिक धोरणाने यावर उपाय केला आहे असे म्हणतात. २०२० च्या या धोरणानुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदवीच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आहे, समाजाशी संबंधित काम आहे, इतर शाखेतले विषय घेण्याची मुभा आहे, चौथे वर्ष संशोधनाचे आहे. कागदावर हे चांगलेच आहे, आणि उगीच नाके मुरडण्यात अर्थ नाही. माझी शंका वेळापत्रकाबद्दल आहे. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. दोन क्रेडिटांचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणजे ६० तास. हे ६० तास एकाच सत्रात उरकायचे. जांभळाला मोहर येतो मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. फळ पिकते मे-जूनमध्ये, म्हणजे सुटीत. पावसाळी सत्रात राईत जळवा भरपूर भेटतील, फुललेली झाडे फारशी नाहीत. मग मुले एका शनिवारी जातात, चाळीस झाडांची नावे लिहितात, देवळासमोर फोटो काढतात, आणि फाईल तयार होते. अशा फायली मी पुष्कळ चाळल्या आहेत. पहिल्या पानावर महाविद्यालयाचे बोधचिन्ह, मग ऋणनिर्देश, मग पाठ्यपुस्तकातली तीच देवराईची व्याख्या, शेवटी वृक्षसंवर्धनाची हाक. मधल्या पानांत राई कुठे आहे, केवढी आहे, कोणाची आहे, हे बहुधा नसते.

तेच ६० तास तीन-तीन तासांच्या वीस भेटींत, सुटी धरून दोन वर्षांवर पसरले तर गोष्ट पार बदलते. यासाठी नवा नियम लागत नाही. विभागप्रमुखाने थोडी सवलत आणि शिक्षकाने थोडा धीर धरायला हवा. (आणि एस.टी.च्या वेळा जुळायला हव्यात, ही अडचण मी कमी लेखत नाही. घिसरकडची गाडी चुकली की दिवस गेला.)

काय पाहावे, याचे एक उदाहरण देतो. गणिताच्या शिक्षकालाही बरोबर घ्यावे म्हणून. राईच्या कडेला ऊन, वारा, गुरे आणि वणवा यांचा त्रास असतो. आत तो कमी. समजा कडेपासून २० मीटरपर्यंत हा परिणाम पोचतो. राई १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद, म्हणजे एक हेक्टरची असेल तर आतला सुरक्षित चौकोन ६० मीटर बाजूचा, म्हणजे ३,६०० चौरस मीटर उरतो. एकूण १०,००० पैकी केवळ ३६ टक्के. उरलेली ६४ टक्के राई ही नुसती ‘कड’ आहे. उलट एक किलोमीटर बाजूच्या रानात सुरक्षित भाग ९२ टक्क्यांहून अधिक भरतो. आता त्या मंडपाच्या चार झाडांकडे पुन्हा पाहा. ती राईच्या मधोमध, देवळाशेजारी तोडली, तर आत एक नवी कड तयार झाली. तीच चार झाडे बाहेरच्या बाजूची असती तर नुकसान निराळे झाले असते. ‘किती तोडली’ इतकाच ‘कुठे तोडली’ हा प्रश्न महत्त्वाचा. २० मीटर हा आकडा मी धरून चाललो. खरा आकडा प्रत्येक राईत मोजायला हवा. साधा तापमापक घेऊन भर दुपारी कडेपासून आत दर पाच मीटरवर तापमान नोंदले तरी पहिला अंदाज येतो.

दुसरे साधन प्रयोगशाळेच्या कपाटात मिळणार नाही. ते म्हणजे सातबारा. राईची जमीन देवस्थान इनाम आहे, वनखात्याची आहे, गावठाणाची आहे की कोणाच्या खाजगी मालकीची, यावर तिचे भवितव्य बहुतांशी ठरते. फेरफाराच्या नोंदी मागे मागे वाचत गेले तर राईचे क्षेत्र कधी घटले, कोणत्या वर्षी कोणाचे नाव लागले, हे समजते. पानशेतच्या पाण्यालगत शिरकोलीला शिरकाईची राई आहे. तिच्या वनस्पतींची पाहणी अभ्यासकांनी केलेली आहे. ती यादी एका हातात आणि सातबारा दुसऱ्या हातात घेऊन कोणी राईत उभा राहिला, तर दोन्ही कागद एकमेकांना प्रश्न विचारू लागतील. तलाठ्याकडे जायचे कसे, कोणाला ‘भाऊसाहेब’ म्हणायचे, हे गावातल्या मुलाला शिकवावे लागत नाही. विद्यापीठातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ते शिकवणारा कोणताही अभ्यासक्रम मला ठाऊक नाही.

सरकारनेही एक संधी निर्माण केली होती आणि ती जवळजवळ वाया घालवली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. या कल्पनेमागे गाडगीळांचा मोठा हात होता, आणि विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांबरोबर बसून ती लिहावी असा त्यांचा आग्रह असे. वर्षानुवर्षे फारसे काही घडले नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, दंडाची तंबी दिली, आणि जेथे तेथे नोंदवह्या भराभर पुऱ्या झाल्या. आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही मुलांना मागायला लावावी. ती वाचून त्यांनी चुका काढाव्यात: नसलेले झाड, गळालेला ओढा, शेजारच्या गावाची उचललेली यादी. समीक्षा शिकवण्याचा याहून चांगला पाठ मला सुचत नाही.

पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी वाटा पूर्वीपेक्षा नक्कीच अधिक आहेत. पुण्यात २००६ साली आयसर सुरू झाली. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही मिळतात, हे पुष्कळ शिक्षकांना माहीत नसते. शाळेतील मुलांसाठी १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेसने स्थानिक प्रश्नांवरचे प्रकल्प घ्यायला सुरुवात केली. झाडांच्या फुलण्या-फळण्याच्या नोंदी देशभरातून गोळा करणारा ‘सीझनवॉच’सारखा उपक्रमही शाळांना खुला आहे. निवडीच्या मुलाखतीला जाताना दोन वर्षांची स्वतःची नोंदवही बरोबर असलेला मुलगा आणि गुणपत्रक घेऊन आलेला मुलगा यांच्यातला फरक समोरच्यांना लगेच दिसतो. मात्र नोंदवही मुलाखतीसाठी म्हणून लिहू नये; ती तशी लिहिली की तेही दिसते.

शेवटी कारवीविषयी. तोरणा आणि राजगडाच्या उतारांवर कारवी माजलेली आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. पदवी तीन किंवा चार वर्षांची, पीएच.डी.ची शिष्यवृत्ती पाच वर्षांची. म्हणजे कारवीचे एक आयुष्य पुरते पाहणे कोणत्याही एका विद्यार्थ्याला, विद्यापीठाच्या कोणत्याही एका प्रकल्पाला शक्य नाही. शाळेला मात्र शक्य आहे, कारण शाळा जागेवरच असते. पाचवीतल्या मुलाने ज्या उतारावर रोप पाहिले, त्याच उतारावर तो बारावीत असताना फूल येईल. सर्व उतार एकाच वर्षी फुलतात की पुढे-मागे, मधमाश्या आणि मधाच्या पोळ्यांवर त्या वर्षी काय परिणाम होतो, कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या अजून कोण आणि किती नेतो, वणवा लागलेल्या उतारावर पुन्हा तीच उगवते का: या प्रश्नांना वनस्पतिशास्त्र एकटे पुरणार नाही, आणि एक तुकडीही पुरणार नाही.

त्यासाठी एक जाड बांधणीची वही लागेल. पहिल्या पानावर गावाचा हाती काढलेला नकाशा, त्यावर पाच जागा, प्रत्येक जागेची दुरून ओळखता येईल अशी खूण. झाडाची खूण नको, ते तुटते, खडकाची असावी. दर जूनमध्ये आणि दर ऑक्टोबरमध्ये प्रत्येक जागेची एक नोंद: तारीख, कारवीची उंची, फूल आहे की नाही, बरोबर कोण होते. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील आणि दर वर्षी जूनमध्ये नव्या तुकडीकडे जाईल. ज्या वर्षी फूल नसेल त्या वर्षी पान कोरे सोडू नये. “फूल नाही” असे लिहून खाली तारीख घालावी.